क्लाउडवरील आज्ञावलींचे स्थलांतर आणि खुली मानके

मनमाडहून मराठवाड्यात शिरून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग पूर्वी मीटरगेज होता. मुंबईकडून येणारी गाडी १,६७६ मिलिमीटर रुंदीच्या मार्गावरून मनमाडास येई. पुढचा मार्ग अवघा १,००० मिलिमीटर रुंदीचा. त्यामुळे मालाचा प्रत्येक डाग एका वाघिणीतून काढून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. माल तोच आणि मुक्कामही तोच. परंतु दोन रुळांमधील अंतराविषयी एकमत नसल्यामुळे हमाली, विलंब आणि मोडतोड ही पदरी पडत. संगणकांच्या क्षेत्रातही आज ह्याच जातीचा प्रश्न उभा आहे.

ज्यास ‘क्लाउड’ म्हणतात तो प्रत्यक्षात दुसऱ्याच्या मालकीच्या संगणकांचा मोठा समूह होय. संस्था स्वतः यंत्रे विकत न घेता ती जाळ्यामार्फत भाड्याने वापरते आणि वापराच्या प्रमाणात पैसे देते. ही सोय मोठी आहे ह्यात शंका नाही. पण घर भाड्याचे असले म्हणजे ते सोडण्याचा प्रसंगही केव्हा तरी येणारच. अमेरिकेतील सॅन डिएगो येथील निर्वानिक्स ही कंपनी इतरांचा डेटा भाडे घेऊन साठवीत असे. सप्टेंबर २०१३ मध्ये तिने आपल्या ग्राहकांस महिनाअखेरपर्यंत डेटा हलविण्यास सांगितले. मागाहून ही मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत वाढली. दरम्यान कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज न्यायालयात दाखल केला होता. ज्यांचा संग्रह प्रचंड होता त्यांची त्या थोड्या दिवसांत काय धांदल उडाली असेल, ह्याची कल्पना वाचकांस सहज करता येईल. भाडेवाढ, कायद्यातील बदल किंवा सेवेतील बिघाड ही कारणे तर ह्याहून पुष्कळच सामान्य आहेत.

ह्यावरील उपाय म्हणजे खुली मानके. मानक म्हणजे एखादी गोष्ट कशी असावी ह्याचे नेमके, लेखी वर्णन. ते सर्वांस वाचावयास मिळते, त्याप्रमाणे वस्तू घडविण्यास कोणाची परवानगी लागत नाही आणि त्यातील बदल एकाच विक्रेत्याच्या मर्जीवर अवलंबून नसतात, तेव्हा ते खुले म्हणावयाचे. भारत सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. त्यातही मानकाचे वर्णन उपलब्ध असावे आणि त्यातील आवश्यक पेटंटांवर स्वामित्वशुल्क नसावे, असे दंडक आहेत.

आज्ञावलीच्या बाबतीत ह्या मानकांचे सर्वांत यशस्वी उदाहरण कंटेनरचे आहे. हे नाव जहाजावरील पोलादी पेट्यांवरून पडले आणि ते समर्पक आहे. आज्ञावली एकटी कधीच चालत नाही. तिला विशिष्ट आवृत्तीची साहाय्यक ग्रंथालये, फायली व मांडणी लागते. हे सर्व सामान एकत्र बांधून जे गाठोडे तयार होते त्यास ‘इमेज’ म्हणतात. ह्या गाठोड्याचे स्वरूप ठरविण्यासाठी जून २०१५ मध्ये ‘ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह’ ही संघटना स्थापन झाली आणि जुलै २०१७ मध्ये तिने आपल्या मानकांची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध केली. तीनुसार इमेज ही एकावर एक रचलेल्या थरांची असते. तळाशी सामान्य साधने, त्यांवर भाषेचा संच, सर्वांत वर आपली आज्ञावली. प्रत्येक थराच्या आशयावरून एसएचए-२५६ ह्या पद्धतीने २५६ बिटांची ओळखसंख्या काढलेली असते. आशयातील एक अक्षर जरी बदलले तरी ही संख्या बदलते. त्यामुळे मुंबईत बांधलेले गाठोडे फ्रँकफुर्टमध्ये जसेच्या तसे पोहोचले किंवा नाही, हे पाठविणारावर विश्वास न टाकताही पडताळता येते. सोबतच्या पत्रकात कोणती आज्ञा प्रथम चालवावयाची आणि कोणत्या जातीच्या प्रोसेसरसाठी हे गाठोडे आहे, ह्याची नोंद असते.

ही शेवटची नोंद दुर्लक्षिण्याजोगी नाही. इंटेलच्या धर्तीच्या प्रोसेसरसाठी बांधलेली इमेज एआरएम प्रोसेसरवर थेट चालत नाही. दोन्हींसाठी वेगवेगळी बांधावी लागते. शिवाय इमेजमध्ये कार्यप्रणालीचा गाभा नसतो, तो यजमान यंत्राचाच वापरला जातो. कंटेनर कोठेही चालतो, असे जे सर्रास सांगितले जाते, ते एवढ्या मर्यादेतच खरे मानावे.

अनेक कंटेनर मिळून एक सेवा होते. त्यांची मांडणी कशी लिहावी हा पुढचा प्रश्न. ‘ओएसिस’ ह्या मानकसंस्थेने त्यासाठी २०१३ मध्ये ‘टोस्का’ हे मानक संमत केले. ते विचारपूर्वक केलेले आहे. तथापि बहुसंख्य लोक वळले ते २०१४ मध्ये गूगलने खुल्या केलेल्या ‘कुबरनेटीस’कडे. ते मानकसंस्थेचे अपत्य नव्हे. पण त्यासाठी अनुरूपतेची सार्वजनिक चाचणी आहे आणि ती उत्तीर्ण झालेल्या सेवा निरनिराळ्या पुरवठादारांकडे मिळतात. समितीचा ठराव झाला म्हणजे मानक रुजलेच असे होत नाही.

खरी अडचण डेटाची आहे. शंभर टेराबाइट डेटा सेकंदास एक गिगाबिट वेगाच्या वाहिनीवरून, तीही अखंड व पूर्ण भरून चालली असे धरले तरी, हलविण्यास आठ लाख सेकंद, म्हणजे सव्वानऊ दिवस लागतात. कोणतेही मानक हा भागाकार बदलू शकत नाही. कित्येक पुरवठादार बाहेर जाणाऱ्या डेटावर आकारणीही करतात. युरोपीय संघाच्या डेटा कायद्याने पुरवठादार बदलतानाची अशी आकारणी १२ जानेवारी २०२७ पासून बंद ठरविली आहे. डेटाबेसच्या ‘एसक्यूएल’ भाषेस अमेरिकेत १९८६ मध्ये व आंतरराष्ट्रीय पातळीवर १९८७ मध्ये मानकाचा दर्जा मिळाला, तरी प्रत्येक उत्पादकाने तीत आपली भर घातलेली आहे आणि गुंता नेमका ह्या भरीमुळे होतो. पोस्टग्रेससारखा, अनेकांकडे मिळणारा खुला डेटाबेस घेतल्यास जुना डेटाबेस चालू ठेवून नव्याकडे प्रथम सर्व नोंदींची नक्कल करता येते आणि त्या काळात झालेले बदल मागाहून पाठविता येतात. सेवा मग काही मिनिटेच थांबवावी लागते.

येथे एक इशारा देणे प्राप्त आहे. एकाच पुरवठादाराच्या खास सेवा, उदाहरणार्थ त्याची रांगव्यवस्था किंवा ओळखपडताळणी, सर्वस्वी वर्ज्य मानणे हेही शहाणपणाचे नाही. त्या पुष्कळदा स्वस्त व उत्तम असतात. मात्र त्यांस स्पर्श करणारा भाग आज्ञावलीत एकाच जागी ठेवावा, म्हणजे पुढे तेवढाच बदलावा लागतो.

आपली तयारी पुरेशी आहे किंवा नाही हे कागदावरून कळत नाही. वर्षातून एकदा दुसऱ्या पुरवठादाराकडे थोडी यंत्रे भाड्याने घ्यावीत, इमेज तेथे न्यावी, डेटाचा लहान नमुना भरावा आणि सेवा सुरू करून पाहावी. पहिल्या तालमीत बहुधा एखादा पत्ता किंवा गुप्त किल्ली आज्ञावलीतच लिहून ठेवल्याचे आढळते. ती तेथून काढून बाहेरील मांडणीत ठेवावी, इमेज पुन्हा बांधावी आणि तालीम पहिल्यापासून घ्यावी.