उघड्या बियांचा वृक्ष : सायकस

ज्या वनस्पतींचे बी फळात झाकलेले नसते, त्यांस अनावृतबीजी वनस्पती म्हणतात. हिमालयातील देवदार व चीड याच वर्गातील होत. देवदाराचे लाकूड इमारतीस उपयोगी पडते, तर चिडाच्या राळेपासून टर्पेंटाईन काढतात.

पश्चिम घाटाच्या अरण्यांत या वर्गातील सायकस हा वृक्ष आढळतो. दुरून तो ठेंगण्या माडासारखा दिसतो. माडाशी मात्र त्याचे नाते नाही. त्याची नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. नरझाडास शेंड्यावर मोठा शंकू येतो. मादीझाडावर पानांसारख्या अवयवांच्या कडांना बिया उघड्याच लागतात.

या बियांचे पीठ घाटातील काही वन्य जमाती खातात. तथापि कच्च्या बीमध्ये सायकासिन नावाचे विष असून ते यकृतास अपाय करते. फोडलेल्या बिया पाणी बदलीत अनेक दिवस भिजत घालण्याची जुनी रीत आहे. ती पुरती अवगत नसलेल्याने हा प्रयोग मुळीच करू नये.

सजावटीसाठी पाने आणि औषधासाठी नरशंकू तोडले जातात. पाने पुन्हा फुटतात; शंकू गेल्यास मात्र पराग नाहीत आणि परागांवाचून रुजणारे बी नाही. त्यातच झाडाची वाढ अतिशय मंद. सायकस सर्सिनॅलिस ही येथील जाती आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. बागेसाठी रोप हवे असल्यास ते रोपवाटिकेतूनच घ्यावे.