पर्यावरणाचा कारभार मोजावा कसा?

पर्यावरणासंबंधी कायदा होणे आणि तो कारभाराच्या अंगवळणी पडणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जलप्रदूषणासंबंधीचा कायदा महाराष्ट्राने १९६९ मध्ये, केंद्राच्या कायद्याआधी पाच वर्षे केला. १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळही स्थापन झाले. परंतु ही व्यवस्था कोणत्या शहरात, कोणत्या जिल्ह्यात कितपत रुजली, हे कायद्यांच्या संख्येवरून कळत नाही.

पुण्याचे उदाहरण घेऊ. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ अन्वये आयुक्तांनी दर वर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाचा अहवाल महापालिकेपुढे ठेवावयाचा असतो. अहवाल निघाला की नाही, ही मोजणी सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी. त्यावर सभागृहात चर्चा झाली काय, त्यातील एखादी नोंद पुढच्या अंदाजपत्रकात रकमेच्या रूपाने उतरली काय, हे पाहणे अधिक अगत्याचे. मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे आयुक्तच प्रशासक होते. म्हणजे अहवाल ठेवणारे आणि तो स्वीकारणारे एकच! अशा वेळी कलमाचे अक्षर पाळले जाते. प्रश्न विचारणारी बाके मात्र रिकामी असतात. मोजपट्टीत या रिकाम्या बाकांनाही रकाना हवा.

काळाचाही हवा. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणाची जपानी अर्थसाहाय्याची सुमारे ९९० कोटींची योजना २०१६ च्या जानेवारीत मंजूर झाली. जानेवारी २०२२ ही तिची मूळ मुदत. ती पाळली गेली नाही. ‘योजना मंजूर’ एवढीच नोंद घेणाऱ्या तक्त्यात पुणे दोन्ही वर्षी सारखेच दिसले असते.

ग्रामीण भागाचा दाखला याहून बोलका आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत व्यवस्थापन समिती आणि लोकांच्या साहाय्याने तयार केलेली नोंदवही अपेक्षिली आहे. २०१६ मध्ये देशभर अशा सुमारे ९,७०० समित्या होत्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०२० ची मुदत घालून दंडाची तंबी दिली, आणि हा आकडा दोन लाख चाळीस हजारांवर गेला. न्यायाधिकरणाचा हेतू योग्यच होता. परंतु घाईने भरलेली नोंदवही ही नोंदवही नव्हे. तो अनुपालनाचा दाखला होय. (आमच्या माहिती खात्यालाही मोठा आकडा छापावयास आवडतो, हे कबूल केले पाहिजे.)

२ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात ‘माझी वसुंधरा’ अभियानाद्वारे पंचतत्त्वांच्या आधारे स्थानिक संस्थांना गुण दिले जाऊ लागले. चुरशीने कामाला वेग येतो, यात संशय नाही. तथापि उत्साही अधिकाऱ्याची बदली झाल्यावर पुढील दोन वर्षांचे गुण कसे राहतात, हे त्या वर्षीच्या क्रमांकाहून अधिक सांगून जाते.

पंचायत सदस्यांनी तूर्त एवढे करावे: गावची जैवविविधता नोंदवही मागवून पाहावी. शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे, आणि गावातील वैदू, गुराखी, मासे धरणारी मंडळी यांपैकी कोणाला ती कधी वाचून दाखविली होती काय, हे विचारावे.