अंगणातून वर्गाकडे : एका ग्रामीण तरुणाची शिक्षकवाट



मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर शहाड व टिटवाळा यांच्या दरम्यान आंबिवली हे स्थानक आहे. स्थानकाजवळील इमारती मागे टाकून थोडे पुढे गेले की वाड्यापाड्यांची वस्ती लागते. अशाच एका वाडीत बारावी उत्तीर्ण झालेला एक तरुण गेली दोन वर्षे रोज सायंकाळी तीस-पस्तीस मुले गोळा करतो. आधी तासभर खो-खो, आणि दिवेलागणीनंतर समाजमंदिराच्या ओट्यावर पाढे व वाचन, असा त्याचा क्रम आहे. त्यास कोणी नेमलेले नाही. वेतनाचा तर प्रश्नच नाही.

मोहने येथील रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडला, तेव्हापासून या परिसरातील अनेक घरांची घडी विसकटली. मुलाने भिवंडीच्या गोदामात कामास लागावे अशी त्याच्या वडिलांची इच्छा आहे, आणि तीत वावगे काही नाही. ते एके दिवशी मला येऊन म्हणाले, "साहेब, लोकांची पोरं पळवून याचं पोट भरणार आहे का? तुम्ही त्याला दोन शब्द सांगा." ते दोन शब्द सांगण्यापूर्वी त्याचे काम डोळ्यांनी पाहावे, म्हणून मी वाडीवर गेलो. तेथे जाताना ज्या बाईंचे स्मरण वारंवार होत होते, त्यांच्याविषयी प्रथम लिहितो.

अनुताई वाघ यांचा जन्म १९१० साली पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी विवाह आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या काळी अशा मुलीचे पुढील आयुष्य माजघरातच संपावयाचे. परंतु त्या शिकल्या. व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण होऊन त्यांनी पुण्यास अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि नाशिक जिल्ह्यातील ग्रामीण शाळांत नोकरी केली. पुढे पुण्याच्या हुजूरपागेत त्या शिकवू लागल्या, आणि दिवसा शिकवून रात्री शिकत १९३७ साली मॅट्रिक झाल्या. पदवी त्यांना मिळाली ती १९६१ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर! आधी काम, कामाबरोबर शिक्षण, आणि पदवी सर्वांत शेवटी, असा हा उलटा क्रम आहे. ज्या तरुणास एकदम सर्व शिक्षण घेण्याची ऐपत नाही, त्यास हा क्रम माहीत असावा.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, त्यात अनुताई सामील झाल्या. ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरास काम केलेले होते. बालशिक्षणाच्या पद्धती त्यांना अवगत होत्या, आणि बालवाडीही सिद्ध झाली. परंतु ज्या गरीब वस्तीसाठी हा खटाटोप, तेथील मुलेच तिच्याकडे फिरकेनात. आपल्यापैकी बहुतेकांनी अशा वेळी पालकांना दोष देऊन शेरा लिहिला असता. या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. कोणाचे तरी अंगण झाडावे, मुलांना स्वच्छ करावे आणि तेथेच खेळ, गाणी, गोष्टी सुरू कराव्यात. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, काड्या आणि पाने आली. केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ साली सुरू झाली, तेव्हा 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. तो शब्द आपल्या या भागातला आहे. बोर्डी आज पालघर जिल्ह्यात असली, तरी २०१४ पर्यंत ती ठाणे जिल्ह्यातच होती.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झाले. तेथील मुले सकाळी गुरे घेऊन रानात जात, म्हणून शिक्षक त्यांच्यामागे कुरणात गेले व कुरणशाळा भरली. दोन्ही ठिकाणी शिक्षकाने विचारलेला प्रश्न एकच दिसतो : कोणते मूल आपल्यापर्यंत पोहोचत नाही, आणि आपण त्याच्यापर्यंत कसे जावे?

आता वाडीवरच्या खो-खोकडे वळू. या खेळात आठ गडी दोन खांबांमधील पाटीवर आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात व नववा पाठलाग करतो, हे आपण जाणताच. खेळ रंगला होता, तरुण शिटी वाजवून उत्साहाने सूचना देत होता, आणि मैदान उत्तम चालले आहे असे त्यास वाटत होते. मी घड्याळ लावून बसलो. वीस मिनिटांत तीन चपळ मुलगे खो आपसांतच फिरवीत राहिले. सात-आठ वर्षांची एक मुलगी प्रारंभी पाटीवर बसली, ती एकदाही उठली नाही. शेवटी ती बोटाने मातीत रेघा ओढू लागली.

यात त्या तरुणाची हेटाळणी करण्याचा हेतू नाही. नवा शिक्षक असताना मीही हेच केले आहे. तालुक्याची ढाल आणावयाची म्हणून मी वर्षभर नऊ मुलांनाच मैदान दिले. उरलेली मुले कडेला उभी राहून टाळ्या वाजवीत. ढाल आली. त्या टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आज मला आठवत नाही, ही गोष्ट मात्र बोचते.

खेळ संपल्यावर मी त्यास विचारले, "ती फ्रॉकवाली मुलगी आज किती वेळा धावली?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "गुरुजी, मी बघितलंच नाही." हे उत्तर मला आवडले. सबब सांगणाऱ्यास शिकविणे कठीण असते.

आम्ही दोघांनी ओट्यावर बसून काही फेरफार ठरविले. लहान मुलांचे पथक निराळे करावे आणि पाटीवर आठांऐवजी पाचच बसवावीत, म्हणजे खो लवकर फिरतो. प्रत्येकास एक खो मिळेपर्यंत कोणासही दुसरा मिळू नये. डाव सात मिनिटांचा असावा व वेळ मोठ्या मुलांपैकी एकाने मोजावी. गडी किती बाद झाले, मागच्या डावापेक्षा किती अधिक, हे जमिनीवर खडूने लिहावे. वजाबाकीचा निराळा तास घेण्याची गरज राहत नाही. संघ पाडताना नावांच्या चिठ्ठ्या कराव्यात आणि ज्याने चिठ्ठी उचलली त्यानेच ती मोठ्याने वाचावी. ही शेवटची युक्ती त्याची स्वतःची. पंधरा दिवसांनी पाहतो तो, वाचनास कंटाळणारी मुले चिठ्ठी वाचण्यासाठी भांडत होती.

अशा अप्रशिक्षित तरुणांच्या बळावर एका देशाची शाळा पुन्हा उभी राहिली आहे. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने शाळा बंद पाडल्या. शिक्षकांपैकी फार मोठी संख्या मारली गेली वा परागंदा झाली. १९७९ साली शाळा उघडल्या तेव्हा ज्यास थोडे अधिक येत होते, त्याने कमी येणाऱ्यांस शिकवावयाचे, एवढ्यावरच आरंभ झाला. प्रशिक्षण मागाहून आले. तथापि ते आले, हे विसरता कामा नये. नुसत्या उत्साहावर कोणी जन्मभर वर्ग चालवू शकत नाही.

म्हणून आमच्या तरुणासही मी वाट स्पष्ट सांगितली. बारावीनंतर प्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका. त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा. पहिली ते पाचवीसाठी तिचा पहिला पेपर १५० गुणांचा असतो. बालविकास व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण. खुल्या प्रवर्गास ६० टक्के गुण लागतात. एवढे करूनही नेमणूक हमखास मिळते असे नाही. भरतीची अभियोग्यता चाचणी वेगळी द्यावी लागते. हे त्याच्या वडिलांसमोरच सांगितले, कारण गोड बोलून कोणाच्या घरातील दोन वर्षे खर्ची घालण्याचा अधिकार मला नाही. सकाळी महाविद्यालय, दुपारी अर्ध्या दिवसाचे काम आणि सायंकाळी मैदान असा मेळ बसतो का, याचा आम्ही तिघांनी मिळून हिशेब मांडला.

आपल्या केंद्रातही असे तरुण-तरुणी असतील. त्यांना शाळेचे मैदान व वाचनपेटी वापरू द्यावी. आठवड्यातून एखादा तास आपल्या वर्गात मागे बसवून पाहू द्यावे आणि नंतर त्यांनी काय पाहिले ते विचारावे. मात्र आपली हजेरीपत्रके व माहितीचे तक्ते त्यांच्या गळ्यात घालू नयेत. फुकटचा कारकून मिळाला असे समजणारे महाभाग मी पाहिले आहेत.

वडिलांनी अद्याप होकार दिलेला नाही. प्रवेशअर्ज मात्र घरातील फळीवर ठेवलेला आहे. गेल्या आठवड्यात मी वाडीवर गेलो तेव्हा लहान पथकाचा डाव चालू होता, ती फ्रॉकवाली मुलगी खांबाला वळसा घालून धावत होती, आणि सात मिनिटे मोजण्यासाठी मनगटावरील घड्याळाकडे डोळे लावून त्या तरुणाचे वडीलच बसले होते.