आगोटीची बेगमी : एक अभ्यास
(द्वितीय वर्ष कला)

स्वस्त, टिकाऊ आणि पोटभरीचे अन्न असा विषय निघाला की डबाबंद पदार्थांची आठवण होते. परंतु आपल्या पेण-रोहे भागात दुकानातल्या डब्याच्या कितीतरी आधीपासून एक व्यवस्था चालत आली आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी घरोघर जी साठवण होते ती आगोटीची बेगमी. ही साठवण म्हणजे केवळ गरिबांची सोय नसून ते एक शास्त्रशुद्ध ज्ञान आहे, असे मला वाटते. ते कसे, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम टिकाऊपणाचा विचार करू. निकोलास आपेर या फ्रेंच माणसाने अन्न बाटलीत भरून, बूच घट्ट लावून उकळत्या पाण्यात ठेवण्याची पद्धत शोधली. 1810 मध्ये फ्रेंच सरकारने त्याला 12,000 फ्रँकचे बक्षीस दिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरांडने पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले. अन्न का टिकते हे मात्र आपेरला सांगता येत नव्हते. सूक्ष्मजंतूंचा उलगडा पाश्चरने पुढे अनेक वर्षांनी केला. आपल्या आज्यांचेही असेच आहे. जंतुशास्त्र त्या शिकल्या नाहीत, पण ओल राहिली की जिन्नस खराब होतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. डब्यात उष्णतेने जंतू मारतात. आगोटीत उन्हाने आणि मिठाने त्यांचे पाणी तोडतात. म्हणून मे महिन्यात वाल, तांदूळ, मिरच्या, आमसुले, पापड, बोंबील आणि सुकट या सर्वांना कडकडीत ऊन दाखवून मगच बरणीत किंवा डब्यात भरतात.

पावसाळ्यात याची गरज का पडते? दर्या खवळलेला असतो, मासळीचा प्रजननकाळ असतो आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. ताजी मासळी दुर्मिळ होते, भाजी महागते. लावणीच्या दिवसांत मजुरी करणाऱ्या घराला तर भरपूर अन्न लागते, आणि हातात पैसा नसतो. मे महिन्यात कोळणीकडून घेतलेली सुकट अशा वेळी उपयोगी पडते.

आता पोषणाकडे वळू. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर आपल्याकडे कडवे वाल होतात. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, तो वालात भरपूर असतो. वालात मेथिओनिन कमी, ते तांदूळ पुरवतो. भात आणि बिरडे ही जोडी म्हणूनच एकमेकांची उणीव भरून काढते. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे आणि कोमट पाण्यात टाकून सोलायचे. दोन दिवसांचे काम खरे, पण पैशाने स्वस्त.

दुसरा पदार्थ सुकट-बटाट्याचा. चार माणसांना वाटीभर सुकट पुरते. ती कोरडीच भाजून पाखडावी, म्हणजे मिशा व कचरा निघून जातो. मग दोन-तीन पाण्यांनी धुवावी. तेलात लसूण, दोन कांदे व दोन बटाटे परतून हळद आणि लाल तिखट घालावे. बटाटा शिजत आला की सुकट आणि तीन-चार आमसुले टाकावीत. मीठ चव पाहूनच घालावे, कारण सुकटीत मूळचा खारटपणा असतो. तांदळाच्या भाकरीबरोबर हे पूर्ण जेवण होते. उरलेले सकाळी पावाबरोबरही चांगले लागते.

या एका कढईत किती देश एकत्र आले आहेत पाहा! मिरची आणि बटाटा मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे इकडे आलेले. पाव हा शब्दही त्यांचाच. 1521 मध्ये त्यांनी जवळच चौलला किल्ला बांधायला घेतला आणि 1740 पर्यंत तेथे राहिले. कोकम सह्याद्रीचे, सुकट आपल्या खाडी-किनाऱ्याची. आपण जिला 'अगदी आपली' म्हणतो ती चवही मिश्रच आहे. परक्या जिनसा गरिबाने आपल्या चुलीवर आपल्याशा केल्या.

या ज्ञानाची कसोटी 2020 मध्ये लागली. 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी होती आणि 3 जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. शीतकपाटातले अन्न नासले. उन्हात वाळलेले मात्र तसेच राहिले. आमच्या कासूच्या घरात मी तेव्हा शाळकरी मुलगी होते. बाजार बंद असताना आईने दोन वेळा ताट वाढले, ते आगोटीच्या डब्यांतून.

कॉलेजची पायरी चढणारी मी आमच्या घरातली पहिलीच. शिकलेली माणसे सुकटीचा डबा वर्गात उघडायला संकोचतात, हे मी पाहते. खोली घेऊन राहणारे आपले काही मित्र महिनाअखेरीस वडापाववर दिवस काढतात, हेही पाहते. त्यांच्या खोलीत एक स्टोव्ह, एक कढई आणि फळीवर वाल, तांदूळ, आमसुले असतील तर तेवढ्यात दोन घासांची सोय होऊ शकते. वास सोसत नसेल त्याने सुकट वगळावी. बिरडे कोणालाही चालेल.

हे ज्ञान अजून आपल्या आयांच्या आणि आज्यांच्या हातात आहे, पुस्तकात फारसे नाही. लिहिता येणारी पिढी आपली आहे. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, येत्या मे महिन्यात घरी आगोट भरताना जवळ वही घेऊन बसा आणि कोणता जिन्नस किती ऊन खातो, हे विचारून लिहून ठेवा.