दुखणे खोटे नसते : रोजचा ताण आणि अंगाचा ठणका



सोनाळ्यात कापसाची वेचणी, सोयाबीनची सोंगणी झाली की कंबर, मान, गुडघे दुखतातच. पण हंगाम सरून महिने लोटले, एक्स-रे आणि रक्ताची तपासणी ठीक आली, तरी ठणका जात नाही, असे अनेक भगिनी सांगतात. घरचे म्हणतात, 'हिचं रोजचंच आहे.' आम्ही सांगतो, हे दुखणे खरे असते.

आपला मेंदू स्वतःच वेदनाशामक रसायने तयार करतो. 1975 साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन ह्यूजेस आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी त्यातले एन्केफॅलिन शोधले. एंडॉर्फिन हे त्याच कुळातले. अफूतले मॉर्फिन शरीरात जिथे काम करते, तिथेच हीही करतात. मेंदूकडून मज्जारज्जूला निरोप जातो आणि वेदनेला ब्रेक लागतो. म्हणूनच साप पाहून पळताना पायात मोडलेला काटा नंतर कळतो.

थोड्या वेळाचा ताण असा वेदना झाकतो. रोजचा ताण मात्र उलटे करतो. कर्ज, नापिकी, घरातली दारू, जातीवरून होणारा अपमान यांमुळे शरीर सतत पहाऱ्यावर राहते. कॉर्टिसॉलची लय बिघडते, झोप तुटते. हा ब्रेक सैल पडतो आणि नसा जास्त संवेदनशील होतात. दीर्घ ताणात ठेवलेल्या उंदरांवर मॉर्फिनचाही परिणाम कमी झालेला प्रयोगांत दिसला आहे.

संयुत्तनिकायातील सल्ल सुत्तात भगवान बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे : एक शरीराच्या वेदनेचा, दुसरा मनाच्या तळमळीचा. दुसरा बाण सरावाने टाळता येतो. पण अपमान आणि सावकाराचा तगादा बाहेरून येतात. ते मुकाट्याने सोसणे म्हणजे धम्म नव्हे. त्यासाठी संघटितच व्हावे लागते.

एक धोका ध्यानात ठेवा. आपल्या संग्रामपूर तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात आहे आणि मूत्रपिंडाचे आजार इथे घरोघर माहीत आहेत. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या दुकानातून आणून रोज घेतल्या तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. आधी रक्तदाब आणि क्रिएटिनिन तपासून घ्या.

आपण काय करावे?

• रोज अर्धा तास मोकळे चालावे. शेतातले वाकून केलेले काम यात धरू नये.
• सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे आनापानसती करावी.
• झोपेची वेळ ठरवावी. दारू-तंबाखूने दुखणे दबल्यासारखे वाटते, पण झोप बिघडते.
• विहारात बसून मनातले बोलावे. मन फारच खचले असेल तर टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोलावे.
• पाय बधिर होणे, लघवीवरचा ताबा जाणे, ताप, वजन घटणे यांपैकी काही असेल तर लगेच दवाखाना गाठावा.

आणि घरच्यांना एक विनंती : दुखते म्हणणाऱ्या बाईला आधी खरे माना. उपचार तिथूनच सुरू होतो.