छत गळतंय; भोक कुठं?

प्रश्न : जुनी गाडी घेतली. भंडारदऱ्याच्या पावसात छताचं अस्तर भिजतं, पायाशी पाणी साचतं. काय करू?
– एक वाचक, राजूर (ता. अकोले)

उत्तर : पाणी टपकतं तिथंच भोक असेल असं नाही, ते अस्तरामागून वाहत येतं. अँटेनाचा पाया, कॅरिअरचे बोल्ट आणि छताच्या कडेच्या पन्हळी आधी तपासा. पन्हळीवरची पट्टी उचलली की तडकलेलं सीलंट दिसतं. एकानं आत टॉर्च धरावा, दुसऱ्यानं पाइपानं खालून वर एकेक भाग भिजवावा. फट सापडली की जुनं सीलंट खरवडा, गंज घासा, प्रायमर लावा आणि कोरड्यात पॉलियुरेथेन सीलंट भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टाळा. त्यानं पत्रा गंजतो. शेवटी मॅटिंग उचलून खालचा फोम वाळवाच, नाहीतर तळ सडेल.