वहीचे पहिले पान

परतवाड्याच्या बाजारात दिवाळीला वहीपूजन होते, 'शुभ लाभ' लिहिले जाते. १९८९-९० या आकारणी वर्षापासून आयकराने सर्वांचे हिशेबी वर्ष ३१ मार्चला संपविले, तरी पूजा दिवाळीलाच राहिली. परंतु पहिल्या पानावर वर्षाचे उद्दिष्ट किती दुकानदार लिहितात?

'यंदा धंदा वाढवू' ही केवळ इच्छा झाली. उद्दिष्टाला आकडा व मुदत लागते. समजा, एका किराणा दुकानाची वार्षिक विक्री ६ लाख व नफा शेकडा १०, म्हणजे ६०,००० रुपये आहे. उधारी ९०,००० थकली असेल, तर दीड वर्षाच्या नफ्याइतकी रक्कम गिऱ्हाइकांकडे अडकली! म्हणून पहिले उद्दिष्ट विक्रीचे नव्हे, उधारी ४५,००० वर आणण्याचे असावे.

मात्र दरमहा सारखी वसुली येथे जमणार नाही. गिऱ्हाईक शेतकरी आहे. दिवाळीच्या सुमारास कापूस व हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री विकली, की त्याच्या हाती पैसा येतो. पेरणीच्या वेळी तो रिकामा असतो. तेव्हा उधारी नाकारली तर गिऱ्हाईक तुटते, बेसुमार दिली तर दुकान बुडते. यास्तव प्रत्येक खात्याची मर्यादा आधीच लिहून ठेवावी.

थोडक्यात, उद्दिष्ट दिवाळीला लिहावे आणि ३१ मार्चला तपासावे. दोन्ही नववर्षे अशी उपयोगी पडतील.